आत्मचरित्रं जोडीने वाचा

कुठलं आत्मचरित्र वाचू, असं कुणी विचारलं की मी एक नाव सांगत नाही, दोन सांगतो. एकाच घरातली किंवा एकाच काळातली दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचा, असा माझा आग्रह असतो. लिहिणारा कितीही प्रामाणिक असो, त्याला दिसतं ते त्याच्या जागेवरून. तो घराबाहेर पडल्यावर घरात काय चाललं होतं, ते दुसऱ्याच कुणाला ठाऊक असतं. मराठी वाचकाचं भाग्य असं की ते दुसरं माणूस अनेकदा लिहून गेलं आहे, आणि बरेचदा ती घरातली बाई आहे.

सुरुवात कर्व्यांच्या घरापासून करा. धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यातला परीक्षेचा प्रसंग विसरता येत नाही. दापोलीजवळच्या मुरुडहून सोबत्यांबरोबर, कुंभार्ली घाट चढून, ते पायी साताऱ्याला गेले. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. वय भरलेलं होतं, पण अंगकाठी लहान. सतराचा दिसत नाहीस म्हणून त्यांना परत पाठवलं. कर्वे हे सारं इतक्या सरळपणे सांगतात की वाचणाऱ्याच्याच पायात गोळे यावेत. पुढे विधवाविवाह, गावाचा बहिष्कार, 1896 साली सुरू केलेला आश्रम, हिंगण्याची झोपडी, हेही त्याच संथ सुरात येतं.

ते पुस्तक खाली ठेवलंत की लगेच आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ उघडा. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. लहानपणीच विधवा झालेली देवरुखची गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून पुण्यात आली. नवरा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणार, तिथून पायी हिंगण्याला जाणार, मिळालेला पैसा संस्थेला देणार. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेच्या नावे केली. मग पोरांच्या तोंडात घालायचं काय, हा प्रश्न बायांचा. त्या भांडल्या, हिशेब मांडला, सुईणीचं शिक्षण घेतलं. शिवाय पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरली तर विधवा मुलींचे आईबाप बिचकतील, म्हणून नवऱ्याच्याच संस्थेपासून त्यांना दूर राहावं लागलं. तरी पुढे त्याच संस्थेसाठी त्यांनी दारोदार वर्गणी गोळा केली. दोन्ही पुस्तकं वाचल्यावर कर्व्यांबद्दलचा आदर कमी होत नाही. मात्र त्यांच्या त्यागाची किंमत कोणी मोजली हे कळतं, आणि ते कळायलाच हवं. माझ्या मते मराठीतली सर्वांत चांगली जोडी हीच.

दुसरी जोडी जाणूनबुजून दूरदूरची आहे. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 चं. न्यायमूर्ती रानड्यांसारखा नवरा स्वतः शिकवायला बसला, तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे, अबोला, टाकून बोलणं यांनी त्या शिकणाऱ्या मुलीला कसं जेरीला आणलं, ते त्यात आहे. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेलं वादळ आणि त्यानंतर रानड्यांनी घेतलेलं प्रायश्चित्त, हेही बायकोच्या नजरेतून आलं आहे. त्याला जोडून बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा, 1986 चं. फलटणच्या या बाईंनी नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वही कित्येक वर्षं दडवून ठेवली. सासुरवासाला कंटाळून पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवत, त्याचं वर्णन त्यांनी केलं आहे. जातीबाहेरच्यांनी दिलेलं दुःख त्या सांगतातच, पण स्वतःच्या वस्तीत बाईवर झालेला जुलूमही झाकत नाहीत. पुण्याचा वाडा आणि महारवाडा यांच्यात किती अंतर होतं आणि सुनेचे हाल करणं दोन्हीकडे किती सारखं होतं, हे एकेकटं पुस्तक वाचून उमगत नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ वाचून झालं असेल तर त्यालाही ‘जिणं आमुचं’ हीच जोड द्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला मात्र जोडीची गरज नाही, कारण नवरा-बायको दोघंही त्या एकाच पुस्तकात पुरेपूर उभे आहेत. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, तिथून गोष्ट सुरू होते. अशा वडिलांची मुलगी ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परत जाते, काही काळ आपलं सोवळं आणि वेगळी चूल सांभाळते, आणि मग एक दिवस स्वतः विचार करून ते सोडून देते. सगळं हसतहसत सांगितलेलं. घरातल्या कुणाला वाचनाची गोडी लावायची असेल तर रोज रात्री हे मोठ्याने वाचा. लिहिलेलं वाटतच नाही, बाई समोर बसून बोलते आहे असं वाटतं. एवढंच करा, संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. तिच्यात प्रसंग राहतात, पण गप्पा मारत दुसरीकडेच वळण्याची बाईंची जी खुमारी आहे ती जाते.

चरित्रांबद्दल एक कळकळीचं सांगणं. ‘आनंदी गोपाळ’ वाचलं, नाटक पाहिलं, सिनेमा पाहिला, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र कळलं असं समजू नका. श्री. ज. जोशींची ती 1968 ची कादंबरी आहे, आणि कादंबरीकाराला रिकाम्या जागा भरण्याची मुभा असते. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. मराठीत एका बाईने दुसऱ्या बाईचं लिहिलेलं हे फार मोलाचं काम आहे. अलीकडच्या काळात अंजली कीर्तने यांनी कागदपत्रं धुंडाळून लिहिलेलं चरित्र आहे. कादंबरी आवडली असेल तर ती खुशाल आवडू द्या, पण त्यानंतर यांतलं एक तरी हाती घ्या.

वाचताना काय करावं? प्रस्तावना शेवटी वाचा. कितीतरी प्रस्तावना पुस्तकाचं सार आधीच सांगून टाकतात. जुन्या पुस्तकांत आत्या, दीर, वन्सं, मावससासवा यांची इतकी गर्दी असते की पन्नासाव्या पानावर गोंधळ उडतो. म्हणून नाती एका कपट्यावर लिहून ती पुस्तकात खूण म्हणून ठेवा. आणि ‘प्रेरणादायी’ असं वेष्टनावर छापलेलं आहे म्हणून कुठलंही चरित्र उचलू नका. ज्यात लिहिणाऱ्याच्या आजूबाजूची माणसं ठसठशीत दिसतात, ते पुस्तक घ्या.

यांतली काही पुस्तकं दुकानात सहज मिळतात, ‘माझे पुराण’साठी मात्र शोधाशोध करावी लागेल. तुमच्या गावच्या वाचनालयात आधी विचारा. नसेल तर मागणीच्या वहीत त्याचं नाव लिहा आणि आणखी चार सभासदांनाही लिहायला सांगा. मागणी झाली तरच ही पुस्तकं कपाटात येतील.