वेदना संपल्याची तारीख आणि मावशीचा प्रश्न

१/ वेदनेच्या पराभवाची तारीख इतिहासाच्या पुस्तकांत नेमकी दिलेली असते : १६ ऑक्टोबर १८४६. त्या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. आजच्या थ्रेडमध्ये या तारखेविरुद्धच माझी थोडी तक्रार आहे.

२/ तक्रारीचे निमित्त घरचे आहे. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर माझ्या मावशीला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. डॉक्टरांनी हिस्टरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली. सल्ला योग्यच होता. अशा रक्तस्रावामागे बहुधा साधे कारण निघते, तरी कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते.

३/ वेदनाशमनाविषयी मात्र तिला कोणी काही विचारले नाही. "पाच मिनिटांचं काम आहे. दोन बाळंतपणं झालीत ना तुमची?" एवढेच तिने ऐकले. वेदना असह्य झाल्याने तपासणी अर्धवट सोडावी लागली. घरी येऊन ती म्हणाली, "इतकं दुखणार होतं, तर आधी सांगितलं का नाही? आता मी पुन्हा जाणार नाही."

४/ आता मागे वळू. १८०९ मध्ये केंटकीतील डॅनव्हिल येथे इफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. भूल तेव्हा नव्हतीच. स्तोत्रे म्हणत तिने सुमारे पंचवीस मिनिटे ते सोसले आणि पुढे ती तीस वर्षांहून अधिक जगली. तिच्यापुढे दुसरा पर्याय मृत्यूचाच होता. तिचे धैर्य थोर खरे. परंतु निरुपायाने दाखवलेल्या धैर्याला आपण पुढच्या पिढ्यांसाठी मापदंड करू नये.

५/ १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स यांनी अनार्का, बेट्सी, लूसी आदी गुलाम स्त्रियांवर भुलीविना शस्त्रक्रिया केल्या; एकट्या अनार्कावर सुमारे तीस. आरंभी ईथर उपलब्ध नव्हते, हे मान्य. पण ते आल्यावरही, भूल द्यावी इतकी ही शस्त्रक्रिया वेदनादायक नाही, असेच त्यांचे मत राहिले. वेदना एकाची आणि तिचे मोजमाप दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार होता.

६/ उलट बाजू पाहा. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीत जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिले. वैद्यकीय वर्तुळातून टीका झाली, पण राणीला हवे ते मिळाले. औषध तेव्हा उपलब्ध होते. ते मागण्याचा अधिकार सर्वांपाशी नव्हता.

७/ येथे न्याय्य आक्षेप असा की भूलही निर्धोक नव्हती. २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. वैद्यांची भीती निराधार नव्हती. म्हणूनच 'प्रत्येकीला पूर्ण भूल द्या' असे माझे म्हणणे नाही.

८/ आता मावशीच्या तपासणीकडे येऊ. गर्भाशयाच्या दुर्बीण-तपासणीचा आरंभ बहुधा १८६९ मधील पँटालिओनी यांच्या प्रयोगापासून सांगितला जातो. रुग्ण कोण होती? रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणारी साठ वर्षांची स्त्री! आतला कोंब त्यांनी सिल्व्हर नायट्रेटने जाळला. नेहमीच्या कथनात वैद्याचे नाव येते, उपकरण येते, रसायन येते. त्या स्त्रीचे नाव येत नाही आणि तिला काय सोसावे लागले हेही येत नाही. मावशी तिचीच वारस आहे.

९/ आज दुर्बिणी फार बारीक झाल्या आहेत. अनेकींना ही तपासणी भुलीविना सहज सोसते आणि त्या तासाभरात घरी जातात. परंतु रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने गर्भाशयाचे मुख अरुंद होऊ शकते, ऊती नाजूक होतात. काहींना तीव्र वेदना होतात. पर्याय अनेक आहेत : आधी वेदनाशामक गोळी, जागा बधिर करणे, गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल. पूर्ण भुलीला उपाशी राहावे लागते, सोबत माणूस लागतो, खर्च वाढतो. हृदयाचे किंवा श्वसनाचे आजार असल्यास भूलतज्ज्ञाचा सल्ला महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक पर्यायाचे मोल निराळे. ते आधी समजले तरच निवड म्हणता येईल.

१०/ निवडीचा हा हक्क म्हणजे चैन आहे, असे कोणी म्हणेल. मावशीचे उदाहरण त्याचे उत्तर आहे. न सांगितलेल्या वेदनेमुळे ती तपासणीच टाळू लागली आणि त्यातून निदान लांबले असते.

११/ दोन महिन्यांनी, बरीच समजूत घातल्यावर, ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. या वेळी तिने तीन गोष्टी विचारल्या : किती दुखेल, काय काय देता येईल आणि मी 'थांबा' म्हटले तर थांबाल का? तिने पूर्ण भूल निवडली. शेजारच्या काकूंनी त्याच तपासणीला केवळ गोळी घेतली होती. दोघींचेही बरोबर होते. मावशीला साधा कोंब निघाला.

१२/ म्हणून माझे मत असे : १८४६ ही भूल जाहीरपणे दाखवल्याची तारीख आहे, वेदना संपल्याची नव्हे. ती दुसरी तारीख प्रत्येक स्त्रीसाठी वेगळी असते. तिला विचारले जाते, त्या दिवसाची. आपल्या आईला, मावशीला, आत्याला हे तीन प्रश्न अवश्य सांगा.

पुढील थ्रेड : निजामाच्या हैदराबादेतील क्लोरोफॉर्म आयोग.