आधी स्पेअर विचारा

आमच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी मशीन घेताना पहिला प्रश्न ठरलेला : बंद पडलं तर स्पेअर कोल्हापुरात मिळेल का? घरचा मिक्सर घेताना मात्र आम्ही पुरुष वॉट, रंग आणि सवलत बघतो.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या तासभर आधी आमचा मिक्सर थांबला. मोटर ठणठणीत होती, कपलर तुटला होता. भांडं जाम झालं तर मोटर वाचावी म्हणून हाच स्वस्त भाग आधी तुटतो. पण त्या मॉडेलचा कपलर शहरात मिळेना. उरलेला महिना अम्मीने रोजा धरून पाट्यावर वाटण वाटलं.

घरातला जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, म्हणून १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनीअरने ‘सुमीत’ घडवला. यंत्र आपल्या स्वयंपाकाला पेलणारं हवं, आणि दुरुस्तीही जवळ हवी. म्हणून दुकानात आधी विचारा : कपलर, कार्बन ब्रश, पाती इथे मिळतात का? आयएसआय खूण बघा. वॉट नंतर.

कारखान्यात मशीन बंद पडलं की वाया गेलेल्या तासांचा हिशेब होतो. घरात मिक्सर बंद पडला की बाईचे हात चालू होतात. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.