पोथीचा रकाना

जुन्या पोथ्यांच्या डिजिटल नोंदी करायला घेतल्या की संस्थेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपले रकाने आपणच करू, ते डब्लिन कोअर परदेशी.’ मी सूचीकार आहे आणि हे मला अजिबात पटत नाही. 1995 साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले, त्यातून पंधरा रकान्यांचा हा सामायिक साचा आला: शीर्षक, निर्माता, सहभागी, दिनांक, भाषा वगैरे. तो मुद्दाम ढोबळ ठेवला, म्हणून त्यात छायाचित्रही बसतं आणि नकाशाही.

पोथी मात्र सहज बसत नाही. ज्ञानेश्वरीचीच घ्या. ग्रंथ ज्ञानेश्वरांचा, शके 1212चा. तो उतरवून घेतला सच्चिदानंदबाबांनी. शके 1506 मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला. आणि समोरची प्रत पुढे कधीतरी कुणी नकललेली, नाव शेवटच्या पानावर. चौघांनाही ‘निर्माता’त कोंबलं, तर नकलणाऱ्याच्या नावावर ज्ञानेश्वरी चढते! निर्माते ज्ञानेश्वर; बाकी तिघे सहभागी. कोणी काय केलं हे सांगायला सहभागीचे पोटप्रकार खुशाल पाडावेत: लेखनिक, संपादक, नक्कलकार. अट एकच, पोटप्रकाराने मूळ अर्थ आवळावा, बदलू नये. दुसऱ्या ग्रंथालयाच्या यंत्रणेला ‘नक्कलकार’ कळला नाही, तरी ती त्याला सहभागी धरून पुढे जाईल.

तारखेत तर फारच गोंधळ. ‘शके 1690’ मधला नुसता आकडा भरला की तो इसवी सन धरला जातो आणि पोथी परस्पर 78 वर्षांनी म्हातारी होते. माघ-फाल्गुनातली असेल तर 79. म्हणून दिनांकात प्रतीचा इसवी सन, आणि पुष्पिकेतला, म्हणजे शेवटच्या नोंदीतला, शक, संवत्सर, तिथी जशीच्या तशी वर्णनात. मोडीसाठीही नवा रकाना नको. भाषेच्या संकेताला लिपीचा संकेत जोडता येतो.

कोणता रकाना सक्तीचा, कोणता एकाहून जास्त वेळा भरायचा, तारीख कशी लिहायची, हे सगळं दोन पानांत मावतं. या धंद्यात त्याला ॲप्लिकेशन प्रोफाइल म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं. डिजिटायझेशनला पैसे देणारे किती पानं स्कॅन झाली ते विचारतात. ही दोन पानंही मागावीत आणि संकेतस्थळावर टाकायला लावावीत, म्हणजे शेजारच्या तालुक्यातलं ग्रंथालय तीच वापरेल.