वेबसाइटचा ‘सातबारा’ कोणाच्या नावावर?

गाळा भाड्याने घेताना व्यापारी ११ महिन्यांचा करारनामा नीट वाचून घेतो. अनामत किती, भाडेवाढ किती, नोटीस किती दिवसांची, हे सगळे विचारतो. वेबसाइटच्या बाबतीत मात्र हाच व्यापारी ‘तुम्हीच काय ते बघा’ म्हणून ओळखीच्या डिझायनरवर सोपवून मोकळा होतो. दोन-तीन वर्षांनी डिझायनर फोन उचलेनासा होतो, तेव्हा कळते की दुकानाचे नाव त्याच्याच खात्यावर आहे.

डोमेन आणि होस्टिंग यांत फरक काय?

डोमेन म्हणजे पत्ता, तर होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा. गाळा बदलला तरी पत्ता तोच ठेवता येतो. म्हणून या दोघांत आधी जपायचा तो पत्ता. तोही कायमचा विकत मिळत नाही. एका वेळी १ ते १० वर्षांसाठी त्याची नोंदणी होते.

नाव कोणते घ्यावे?

फोनवर सांगितले की समोरच्याला अचूक टाइप करता यावे, असे. ‘लक्ष्मी’ इंग्रजी अक्षरांत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. अशा वेळी जवळची स्पेलिंगही घेऊन मुख्य साइटकडे वळवावीत. नोंदणीपूर्वी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्यावा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेले नाव वादात हातचे जाऊ शकते.

‘डॉट इन’ची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजेच ‘निक्सी’ सांभाळते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते. मात्र अनेक ऑनलाइन फॉर्म अजून देवनागरी ई-मेल स्वीकारत नाहीत. त्यामुळे ते जोडीला ठेवणे शहाणपणाचे.

मालक कोण ठरतो?

पैसे कोणी दिले यापेक्षा नोंदीत कोणाचे नाव आहे, हे रजिस्ट्रार पाहतो. नाव, मोबाइल आणि ई-मेल मालकाचाच हवा. ई-मेल त्याच डोमेनवरचा देऊ नये, कारण डोमेन बंद पडले तर नूतनीकरणाची सूचनाही पोहोचणार नाही. ‘डॉट कॉम’ घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत प्रतिसाद न दिल्यास साइट बंद होऊ शकते.

मुदत चुकली तर?

‘डॉट कॉम’मध्ये मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या नियमानुसार काही दिवसांची सवलत असते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. पुढे ५ दिवसांनी ते कोणालाही खुले होते. ही चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे शुल्क भरायचे राहिले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना मेल उघडता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने ३५ डॉलर भरले. देवगडच्या बागायतदाराचे नाव ऐन हापूसच्या हंगामात गेले, तर मदतीला असे कोणी येईलच असे नाही.

होस्टिंग घेताना काय विचारावे?

छोट्या दुकानाच्या माहितीवजा साइटला शेअर्ड होस्टिंग पुरते. जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या मुदतीचा असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी विचारावा. बॅकअप रोज होतो का, तो स्वतःला उतरवून घेता येतो का, हेही पाहावे. एसएसएल प्रमाणपत्र मोफत मिळू शकते, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी चौकशी करावी. ‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजेही महिन्याला सुमारे ४३ मिनिटे साइट बंद राहू शकते.

आज काय करावे?

साइट आधीच असेल तर रजिस्ट्रारचे लॉगिन स्वतःकडे आहे का, हे आजच पाहावे. नसेल तर संबंध चांगले आहेत तोवरच डिझायनरकडून डोमेन आपल्या खात्यावर वर्ग करून घ्यावे. टू-स्टेप पडताळणी आणि ऑटो-रिन्यूअल सुरू करावे, कार्डाची मुदतही तपासावी. नूतनीकरणाच्या नावाने आलेल्या मेलमधील लिंकवर पैसे न भरता थेट खात्यात जाऊन भरावेत.

डिझायनरवर विश्वास जरूर ठेवावा. पण विश्वासातल्या माणसाच्या नावावर कोणी जमीन करून देत नाही. दुकानाच्या नावालाही तोच न्याय हवा.