आधी मित्राची रेकॉर्ड!

दोस्तांनो, जगाच्या नकाशात क्यूबा शोधा. त्याच्या खाली समुद्रात एक छोटंसं बेट दिसेल, ते जमैका. रेगे हे संगीत तिथलंच बरं का! एक-दोन-तीन-चार असं मोजत ‘दोन’ आणि ‘चार’वर टाळी द्या. रेगेमधली गिटार तिथेच वाजते.

जमैकाची राजधानी किंग्स्टन. तिथे १९४१ साली डेस्मंड डेकरचा जन्म झाला. आईचं छत्र लवकरच हरपलं. मग पोटासाठी तो वेल्डिंगचं काम करू लागला. इकडे ठिणग्या उडायच्या आणि हा आपला गात राहायचा. सोबतचे कामगारच त्याच्या मागे लागले की, तू रेकॉर्ड काढ.

१९६१ मध्ये तो दोन बड्या निर्मात्यांकडे गेला. दोघांनीही नकार दिला! तिसरे होते लेस्ली काँग. त्यांच्या घरचं आइस्क्रीमचं दुकान होतं, तिथे रेकॉर्डही विकायचे. त्यांनी डेस्मंडला घेतलं खरं. पण पहिली रेकॉर्ड यायला १९६३ साल उजाडलं.

या दोन वर्षांत डेस्मंडने काय केलं असेल? तो रुसून बसला नाही. वेल्डिंग करणारा आणखी एक पोरगा छान गायचा. डेस्मंडने त्याला काँगसाहेबांकडे नेलं. त्या मुलाची रेकॉर्ड १९६२ मध्येच निघाली, डेस्मंडच्याही आधी! तो मुलगा म्हणजे बॉब मार्ली. पुढे रेगे म्हटलं की जगाला त्याचंच नाव आठवू लागलं.

डेस्मंडही मागे राहिला नाही. भाकरीसाठी राबणाऱ्या माणसाचं दुःख सांगणारं ‘इझ्रायलाइट्स’ हे त्याचं गाणं १९६९ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेतही ते पहिल्या दहांत आलं. पण १९७१ मध्ये काँग वारले आणि उतरती कळा लागली. १९८४ मध्ये तर डेस्मंडचं दिवाळं निघालं. तरी त्याने गाणं सोडलं नाही. २००६ मध्ये तो गेला, तोवर तो गातच होता.

आपला नंबर लागलेला नसताना मित्राला पुढे करायचं, हे सोपं नाही हं! तुमच्या शेजारच्या बाकावर कुणी छान गातं का? मग स्नेहसंमेलनाआधी बाईंना त्याचं नाव सांगाल ना?