आदिपापाची कैफियत

ख्रिस्ती धर्माविषयी मराठी सुशिक्षितांच्या मनात जे दोनचार पक्के ग्रह आहेत, त्यांत आदिपापाचा नंबर बराच वर लागतो. कुणा आदामाने बागेतले फळ खाल्ले आणि देवाने साऱ्या मनुष्यजातीला शिक्षा ठोठावली, ही कसली न्यायबुद्धी? बरे, माणूस जन्मतःच पापी असेल तर पाप केल्याबद्दल त्याला जबाबदार कसे धरायचे? एवढे विचारले की वाद जिंकल्यात जमा. १८९३ साली शिकागोत स्वामी विवेकानंदांनी माणसाला पापी म्हणणे हेच पाप असल्याचे ठणकावले, तेव्हापासून तर हा आक्षेप आपल्याकडे निकालपत्रासारखा वाचून दाखवला जातो.

आधी घरचा हिशेब पाहू. पूजा आटोपल्यावर प्रदक्षिणा घालताना आपल्याकडे जो श्लोक सर्रास म्हटला जातो, त्यात भक्त स्वतःला नुसता पापी म्हणवून थांबत नाही, पापातूनच जन्मलो असेही सांगतो. म्हणताना कुणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही, कुणी जबरदस्तीने ढकलल्यासारखा, माणूस पाप का करतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तक्रार आहे: जे करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा तेच होते. तेव्हा माणसाच्या स्वभावातली ही खोट ख्रिस्ती लोकांनी शोधून काढून जगाच्या माथी मारली, हे म्हणणे टिकत नाही.

आक्षेपाचा खरा जोर वेगळ्या ठिकाणी आहे. कर्मसिद्धांतात ज्याचे त्यालाच भोगावे लागते, या जन्मी नाही तर पुढच्या. इथे मात्र एकाचे दुसऱ्याच्या गळ्यात. नीलकंठशास्त्री गोरे यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला तो कर्मसिद्धांताच्याच बळावर. पुढे १८४८ मध्ये शास्त्रीबोवांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून त्यांचा प्रश्न रद्द झाला असे मी मानत नाही. एकाचा अपराध दुसऱ्याच्या नावे लावणे अन्यायच आहे.

मात्र चर्च तसे शिकवते का? १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्वच्छ म्हटले आहे की आदामाच्या वंशजांच्या बाबतीत आदिपाप हा कुणाचाही वैयक्तिक अपराध नव्हे. ती केलेली कृती नसून वाट्याला आलेली अवस्था आहे. बापाने काढलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर असतो. पोराने सही केलेली नसते, पैसा पाहिलेला नसतो. त्याला कुणी लबाड म्हणणार नाही, पण जमीन मोकळी आहे असेही कुणी म्हणणार नाही. आदिपाप म्हणजे हा बोजा. त्यावर आपण नवी कर्जे काढतो ती मात्र आपल्या सहीने.

ही स्वच्छता चर्चला सहजासहजी आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. आदिपापाचा सिद्धांत ज्याने घडवला तो उत्तर आफ्रिकेतला हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन याने अपराधसुद्धा वारशाने येतो असे धरले, आणि बाप्तिस्म्याविना दगावलेले तान्हे मूलही दंडाला पात्र ठरते असे लिहून ठेवले. दंड अगदी सौम्य असेल, एवढीच सवलत. एक्लानमचा बिशप जुलियन याने त्याला सरळ विचारले की नवजात बालकांना दोषी ठरवणारा देव न्यायी कसा? ४१८ साली या वादावरच्या पोपच्या निर्णयावर सही करायला नकार देणाऱ्या अठरा इटालियन बिशपांत जुलियन होता, आणि त्यापायी पद गमावून तो परागंदा झाला. त्याला उत्तर देणारा ग्रंथ लिहीत असतानाच ४३० साली ऑगस्टीन वारला.

तान्ह्या मुलांच्या मुद्द्यावर मी जुलियनच्या बाजूने आहे. बायबलही आहे. पुत्राने पित्याच्या अधर्माचा भार वाहायचा नाही, असे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात देव स्वतः सांगतो, आणि तेही वाडवडिलांच्या नावाने बोटे मोडत बसलेल्या लोकांना. असे असूनही शेकडो वर्षे बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नाकारली गेली. त्या आयांनी काय सोसले असेल, याचा हिशेब कुठल्याच धर्मसभेने मांडलेला नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. फार उशिरा म्हटले.

मग सगळा सिद्धांतच टाकून का देऊ नये? टाकून देऊ पाहणारा एक माणूस ऑगस्टीनच्या काळातच होता. पेलागियस, ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी. माणसाची इच्छा पूर्ण स्वतंत्र आहे, आदामाने वाईट उदाहरण घालून दिले एवढेच त्याचे नुकसान, बाकी प्रत्येक जीव कोरा जन्मतो, असे त्याचे मत. आजच्या वाचकाला हा माणूस लगेच आपला वाटतो. पण त्याने ४१३ च्या सुमारास डेमेट्रियास नावाच्या बड्या घराण्यातल्या मुलीला लिहिलेले पत्र वाचावे. तिने आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतले होते. पत्राचा रोख असा की माणसाला निर्दोष होणे शक्य आहे, आणि शक्य आहे म्हणूनच ते बंधनकारक आहे. ज्याच्या मते तुम्ही काहीही करू शकता, त्याच्या दारी पडणाऱ्याला क्षमा नसते. सबब उरतच नाही ना! घसरलात, कारण घसरायचे तुम्ही ठरवलेत. आज ‘ठरवलं की काहीही होतं’ असे सांगत फिरणारे व्याख्याते हाच पेलागियस विकतात, आणि नापास झालेला पोरगा घरी जाऊन स्वतःला दुप्पट नालायक समजतो.

ऑगस्टीन इथे माणूस ओळखून होता, कारण त्याने आधी स्वतःला ओळखले होते. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरल्याची हकीगत त्याने ‘कन्फेशन्स’मध्ये पाने भरभरून उसवली आहे. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? मना केले होते म्हणून, आणि टोळक्यात मागे राहायची लाज वाटली म्हणून. कोऱ्या पाटीच्या सिद्धांताला या फळांचे उत्तर देता येत नाही.

दारू सुटत नसलेल्या माणसाला विचारा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आपण हतबल झालो हे कबूल करायचे. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला सुरू झालेली ही चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या मुशीतून निघाली, तेव्हा हे साम्य योगायोगाचे नाही. आपल्याकडच्या बैठकांतही माणूस उभा राहतो, नाव सांगतो आणि ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो. कित्येक वर्षे थेंब न घेतलेलाही तेच म्हणतो. ‘मनात आणलं तर उद्या सोडीन’ हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेत नाही, कारण ते प्रत्येकाने हजारदा म्हणून झालेले असते. हतबलता कबूल केलेला हा माणूस आजचा दिवस न पिण्याचे ठरवतो, आणि ते त्यालाच ठरवावे लागते. आदिपाप मानले की इच्छास्वातंत्र्य संपते म्हणणाऱ्यांनी अशा एका बैठकीला मागच्या बाकावर बसून यावे.

पेलागियसच्या दुसऱ्या टोकाला मार्टिन ल्यूथर. १५२४ साली इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, तर पुढच्याच वर्षी ल्यूथरने इच्छा गुलाम असल्याचे दणदणीत उत्तर दिले. ग्रंथ जबरदस्त आहे आणि मला पटत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये इच्छा दुबळी झाली, विझलेली नाही असे ठरवले, ते मला अनुभवाशी जुळणारे वाटते.

आणि मूळ कथाही तेच सांगते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सफरचंद नाही, सैतानाचे नाव नाही, पाप हा शब्दसुद्धा नाही. साप हव्वेला फळ खा म्हणतच नाही. बागेतले कुठलेच फळ खायचे नाही असे देव म्हणाला का, असा तो भोळा चेहरा करून विचारतो. ती दुरुस्ती करायला जाते आणि शिवायचेही नाही असे पदरचे घालते. मग झाड खायला चांगले दिसते, डोळ्यांना सुंदर दिसते, शहाणपण देणारे दिसते. हात तिचा तीच पुढे करते. जाब विचारल्यावर आदाम काय म्हणतो पाहा: तू मला जी बायको दिलीस तिने दिले. एका वाक्यात बायको आणि देव दोघांवर ढकलून मोकळा! हव्वा सापाकडे बोट दाखवते. तेव्हा ‘आदामामुळे माझा स्वभावच असा, मी काय करणार?’ म्हणणारा ख्रिस्ती माणूस आदिपापाचा सिद्धांत सांगत नसतो, आदामाचीच सबब पुन्हा सांगत असतो.

पाप हा शब्द येतो तो चौथ्या अध्यायात, आदामाच्या थोरल्या मुलाच्या संदर्भात. पाप दाराशी टपून बसले आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव, असे देव काइनाला सांगतो. पतनानंतर जन्मलेल्या पहिल्या माणसाला हे सांगितले आहे. इच्छा मेलेली असती तर ही क्रूर थट्टा ठरली असती. काइनाने ऐकले नाही ही गोष्ट वेगळी; ऐकता येत होते.

टपून बसणे आणि घरात शिरणे यांतला फरक धर्मोपदेशकही पुष्कळदा विसरतात. मनात वासना आली की पाप झाले, अशा धाकात वाढलेली पोरे मी पाहिली आहेत. ट्रेंटनेच १५४६ मध्ये म्हटले आहे की बाप्तिस्म्यानंतरही उरणारी वासना हे खऱ्या अर्थाने पाप नव्हे. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, जगातली राज्ये घे असे सुचवले गेले. भुकेल्या माणसाला भाकरीचा मोह खराखुरा असतो. तो होणे पाप असते तर ख्रिस्तालाच पापी म्हणावे लागले असते.

कॅथलिक चर्चमध्ये दर वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा झालेल्या साऱ्यांना हातात पेटती मेणबत्ती देऊन विचारतात: तुम्ही सैतानाला नाकारता का? म्हातारीकोतारीही उत्तर देतात, गेल्या वर्षी दिले होते तेच. इच्छा मेलेली असती तर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, आणि ती पेलागियस म्हणतो तशी धडधाकट असती तर एकदा विचारून भागले असते.