पाळी जाण्याच्या दिवसांत

ह्या वेळचं लिखाण मुद्दाम पंचवीस-तिशीतल्या वाचकांसाठी आहे. मुलग्यांनीही 'हे बायकांचं' म्हणून पुढे सरकू नये. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आया आत्ता पंचेचाळीस ते बावन्नच्या मध्ये असतील. त्याच वयात पाळी जाते, आणि जायच्या आधी घरभर आपली चाहूल देते.

आमच्या आजीच्या काळी रजोनिवृत्ती हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. 'आता बाहेर बसायचं संपलं' एवढंच म्हणत. बारा महिने लोणच्याच्या बरणीला हात लावता येणार, देवपूजा चुकणार नाही, ह्याचं तिला बरंच वाटलं असेल. चिडचिडीचं काय? 'वयाने तापट झाली' म्हणून सगळे मोकळे!

माझं सुरू झालं सत्तेचाळीसाव्या वर्षी. बडोद्यात डिसेंबरमध्ये सगळे शाली घेऊन बसलेले आणि मला पंखा हवा. मानेपासून कानापर्यंत एकदम आग, मग घाम, मग थंडी. रात्री तीनला टक्क जाग. सकाळी फोडणी करपली म्हणून डोळ्यांत पाणी, आणि तासाभराने 'एवढं काय झालं होतं' म्हणून स्वतःचंच हसू.

ह्याचं कारण साधं आहे. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन पायऱ्या उतरल्यासारखं हळूहळू कमी होत नाही. ते झोपाळ्यासारखं वरखाली होतं, एका महिन्यात भरपूर तर पुढच्यात अगदी कमी. मन स्थिर ठेवणाऱ्या मेंदूतल्या सिरोटोनिनशी त्याचा जवळचा संबंध असल्यामुळे मनही त्याच्याबरोबर हेलकावे खातं. त्यात घामाने झोप मोडते, आणि महिनोन्‌महिने झोप मोडलेलं माणूस कोणत्याही वयात चिडेलच. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. त्याच्या आधीचा हा हेलकाव्यांचा काळ साधारण चार वर्षांचा, कुणाला कमी, कुणाला बराच जास्त. आपल्याकडे सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणून 'इतक्यात कसं?' असं वाटून घ्यायचं कारण नाही. बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी ज्यांना मनाचा त्रास झालेला असतो, त्यांना ह्या काळातही तो होण्याची शक्यता जास्त असते.

पण सगळंच पाळीच्या खात्यावर टाकू नये. मी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी 'ह्या वयात असं होतंच' म्हणून दोन मिनिटांत परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. थायरॉईड मंद निघालं. सकाळी अनाशापोटी एक गोळी सुरू झाली आणि अर्धा थकवा, अर्धा वैताग उतरला. ह्या काळात पाळी जास्त जाते तेव्हा हिमोग्लोबिनही घसरतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ एवढं बघून घ्यायला लावा, आणि आईबरोबर स्वतः जा. एकटी गेली तर ती 'बरं आहे हो' म्हणून परत येते.

आणि एक सांगते, जरा रागानेच. आई रागावली की 'हार्मोन्स!' म्हणून एकमेकांकडे बघून हसायचं बंद करा. ह्याच वयात मुलं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला गेलेली असतात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, आणि ओला टॉवेल वीस वर्षांपासून पलंगावरच असतो. त्या टॉवेलचा राग खरा आहे. हार्मोनने फक्त तो गिळायची ताकद काढून घेतलेली असते.

उपायांपैकी मला सगळ्यांत उपयोगी पडलं भिंतीवरचं कॅलेंडर. पाळीची तारीख, किती तास झोप, मन कसं, अशा तीन खुणा रोज करायच्या. तीन महिन्यांनी काय कशामागून येतं ते दिसायला लागतं, आणि डॉक्टरांपुढे 'असंच होतं काहीतरी' म्हणावं लागत नाही. बाकी कमाटी बागेत सकाळची भराभर फेरी, संध्याकाळनंतरचा चहा बंद, रात्री सुती कपडे.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती मात्र घरोघरी आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ती पसरली. पुढे वयानुसार बारकाईने पाहिल्यावर असं दिसलं, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बायकांना बहुधा तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर बहुधा त्या देत नाहीत. हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नाही. गोळ्या नको असतील तर समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

दोन गोष्टींत थांबू नका. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, थोडंसं का असेना, तर लगेच तपासणी. आणि दोन आठवडे सलग उदासपणा, जेवणावरून मन उडालेलं, 'मी नसले तर बरं' असं बोलणं, हे हेलकावे नव्हेत. मनाच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर दिवसरात्र फुकट फोन करता येतो.

घरात काय करायचं? 'मदत करू का?' विचारू नका, कारण सांगण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच येतं. एक काम पूर्ण आपल्याकडे घ्या, सामान आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. आमच्या चिरंजीवांनी रविवारची न्याहारी घेतली. पोहे अजून कोरडे होतात, पण मी साडेआठपर्यंत झोपते.